एकटेच?

उन्हाळ्यात एकट्याने, कमी पैशांत, अनोळखी शहरात हिंडायला हल्ली लोक ग्रीसला जातात. माझी भाची गेली होती. आठ अनोळखी माणसांच्या खोलीत वरचा पलंग, नळाचं पाणी, दिवसातून एकदा जेवण आणि उरलेला वेळ उन्हात पायपीट. एवढे हाल करून घ्यायला तिने रीतसर पैसे मोजले होते. ती तिकडे असतानाच, म्हणजे जुलै २०२३ मध्ये, अथेन्सचं ऊन इतकं चढलं की अ‍ॅक्रोपोलिसची टेकडी भर दुपारी पर्यटकांना बंद ठेवावी लागली. ही बातमी वाचून बहिणीने देव पाण्यात ठेवले. मी मात्र विचारात पडलो. टेकडीवर जुना किल्ला, पायथ्याशी तापलेलं गाव, अरुंद गल्ल्या आणि दुपारी सगळीकडे शुकशुकाट. हे तर आपल्या साताऱ्यात आहे! शिवाय तिथली भाषा आपल्याला येते. माझ्या पासपोर्टची मुदत कधीच संपली आहे आणि पगाराची मजल कऱ्हाडच्या पुढे फारशी जात नाही. तेव्हा मे महिना गाठून मी पाठीवर पिशवी टाकली. आधी सातारा, मग सांगली.

निघताना भाचीने फोनवर ‘सोलो’ प्रवासाचे नियम सांगितले. अनोळखी माणसांना आपला कार्यक्रम सांगायचा नाही. फुकट ते आधी बघायचं. पिशवीचं वजन वाढू द्यायचं नाही. आणि मुख्य म्हणजे एकांताचा आनंद घ्यायचा. मी नियम वहीत लिहून घेतले. त्यापुढे ती वही अजून कोरी करकरीत आहे, कारण साताऱ्याला उतरल्यावर ती उघडायला मला एकांतच मिळाला नाही.

सातारा स्टेशन साताऱ्यात नाही. ते माहुलीच्या अंगाला, गावापासून चांगलं लांब आहे. त्यामुळे गाडीतून उतरलेला माणूस आधी रिक्षात बसतो आणि रिक्षात त्याची प्राथमिक चौकशी पूर्ण होते. इथला रिक्षावाला ‘कुठं जायचं’ असं विचारत नाही. ‘कुणाकडं?’ असं विचारतो.

“कुणाकडं नाही. असंच आलोय.”

“असंच म्हंजे? कोर्टाचं काम का?”

“नाही, नाही.”

शेजारी पिशवी सांभाळून बसलेल्या मावशी हळूच म्हणाल्या, “सिव्हिलला कोण असंल. नगं विचारू त्यास्नी.” मग रिक्षात थोडा वेळ सहानुभूतीची शांतता पसरली. मी फिरायला आलोय हे सांगितल्यावर ती गेली आणि तिच्या जागी संशय आला. तरी रिक्षावाला माणूस भला. कृष्णा आणि वेण्णेच्या संगमावर शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे, ती बघून जावा म्हणाला. वाघापासून महाराजांचा जीव वाचवला म्हणून त्या कुत्र्याला हा मान. साताऱ्यात कुत्रासुद्धा कुणाचा आहे यावरून ओळखला जातो. मी तर कुणाचाच नव्हतो.

स्टँडजवळच्या लॉजमध्ये खरी परीक्षा झाली. काउंटरमागच्या व्यवस्थापकांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं, मग दाराबाहेर पाहिलं.

“एकटंच?”

“हो.”

“बाकीचे मागनं येनार?”

“कुणी नाही येणार.”

त्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं. त्यात ‘येण्याचे कारण’ असा रकाना होता. वरच्या पानभर नोंदी वाचल्या: लग्न, लग्न, कोर्ट, दवाखाना, लग्न, बियाणे कंपनी, लग्न. मी खाली ‘पर्यटन’ लिहिलं. व्यवस्थापकांनी चष्मा काढून ते वाचलं.

“मे महिन्यात?”

“कास वगैरे बघावं म्हणतो.”

“कासला आत्ता काय हाय? दगूड. फुलं ऑगस्ट-सप्टेंबरात असत्यात.”

“ठोसेघरचा धबधबा?”

“त्याला पानी नको का?” मग एकदम काहीतरी उमगल्यासारखं ते म्हणाले, “वाघनखं बघायला आलाय व्हय? ती गेली की!” लंडनच्या संग्रहालयातून २०२४ च्या जुलैत शिवरायांची म्हणून ओळखली जाणारी वाघनखं साताऱ्यात आली होती, तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नव्हती म्हणे. मी नेमका ती गेल्यावर, फुलं येण्याआधी, पाणी आटल्यावर आणि लग्नाचं आमंत्रण नसताना आलो होतो.

एकट्या माणसाला खोली द्यायला लॉजवाले का कचरतात, हे मला माहीत आहे. एकटा माणूस घरातून भांडून आलेला असतो, नाहीतर पळून आलेला असतो, नाहीतर त्याच्या मनात त्याहून वाईट काही असतं. सकाळी दार उघडलं नाही तर पोलिसांपुढे उभं राहायचं कुणी? त्यामुळे त्यांनी माझं आधार कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं, घरचा नंबर मागून घेतला आणि माझ्यादेखत लावला.

“वहिनी, साहेब हितं पोचल्यात. हां, हां. न्हाय न्हाय, दिसायला बरं हायत. एकटंच हायत, मी बघितलं की.” पुढे बराच वेळ ते नुसते ‘हां’ म्हणत होते आणि रजिस्टरच्या मागच्या पानावर काही टिपून घेत होते. फोन ठेवून त्यांनी मला किल्ली दिली आणि म्हणाले, “रात्री तिखट खायाचं न्हाय तुमी. आनि पित्ताची गोळी उपाशीपोटी.”

अथेन्समध्ये आठ जणांच्या खोलीत भाचीला जेवढा एकांत मिळाला, त्याच्या निम्माही मला या सिंगल रूममध्ये मिळाला नाही. रात्री मी किती वाजता आलो, काय खाऊन आलो, पंखा कितीवर ठेवला, हे सगळं सकाळपर्यंत ठाण्याला घरी कळलेलं असायचं.

साताऱ्यातली शहाणी माणसं ऊन चढायच्या आत अजिंक्यतारा उरकून घेतात. पहाटे अंधारातच गडाची वाट भरून वाहते. निवृत्त शिक्षक, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, डॉक्टरांनी धमकावलेले व्यापारी, कानाला मफलर (मे महिन्यात!) गुंडाळलेले आजोबा. यांच्यातून एकट्याने चढणं अशक्य आहे. पहिल्या वळणावर एका गृहस्थांनी मला ‘नवीन का?’ विचारलं, दुसऱ्या वळणावर त्यांच्या घोळक्याने मला सामावून घेतलं आणि दरवाजापाशी पोचेपर्यंत माझं गाव, नोकरी, मुलांची शिक्षणं आणि रक्तदाब यांवर सविस्तर चर्चा होऊन गेली. अथेन्सला टेकडी बंद ठेवायला सरकारी हुकूम काढावा लागला. अजिंक्यताऱ्याला दहानंतर कुणी फिरकतच नाही. हुकमाची गरज काय?

वरून पाहिलं की सगळा सातारा पायाशी असतो. शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथे १७०८ साली झाला आणि मग गडाच्या पायथ्याशी त्यांनी शहर वसवलं. मंगळवार, शनिवार अशा वारांच्या पेठा आहेतच, शिवाय यादोगोपाळ, मल्हार, चिमणपुरा, रामाचा गोट. घोळक्यातल्या प्रत्येकाने आपापली पेठ बोटाने दाखवली आणि शेजारच्या पेठेबद्दलचं मतही दिलं. ते मी इथे देत नाही, मला पुन्हा जायचं आहे.

त्या तटावर बसून मला औरंगजेबाची कीव आली. दक्षिणेत आलेला सर्वांत खर्चिक पाहुणा तो. डिसेंबर १६९९ मध्ये याच गडाखाली येऊन बसला तो एप्रिल १७०० पर्यंत. मंगळाईच्या बाजूला सुरुंग लावले, त्यातला एक उलटला आणि त्याचीच शेकडो माणसं दगडांखाली गेली. शेवटी गड मिळाला, त्याला त्याने ‘आझमतारा’ नाव दिलं, पण थोड्या वर्षांत मराठ्यांनी तो परत घेतला आणि नाव झालं अजिंक्यतारा. म्हणजे सगळा हिवाळा घालवून, खजिना रिकामा करून, माणसं गमावून नावसुद्धा टिकलं नाही. मला पाण्याची एक बाटली आणि दोन चिक्क्यांत गड मिळाला. खाली उतरताना मफलरवाल्या आजोबांनी चहा पाजला, तो वेगळाच. पैसे देऊ लागलो तर म्हणाले, “तुमच्याकडं आलो की तुम्ही पाजा.” आता ते खरोखर येणार आहेत. पुढच्या महिन्यात, चार जण.

दुपारी मात्र सातारा तापतो. मोती चौकात दुकानदारांनी हिरव्या जाळ्या ताणलेल्या असतात, त्यांच्या सावलीतून पुढे सरकत राहायचं. ही सावली पेढ्यांच्या दुकानांपाशी सर्वांत दाट असते, आणि तो योगायोग नाही. कंदी पेढ्याच्या दुकानात ‘चव बघा’ म्हणून हातावर तुकडा ठेवतात. खव्याला भट्टीवर इतका वेळ भाजलेलं असतं की त्याचा रंग उन्हात हिंडलेल्या माणसासारखा होतो. साखर कमी, वेलदोडा बेताचा, फ्रिजशिवाय प्रवासाला टिकणारा. चार दुकानांत चव बघितली तर दुपारचं जेवण फुकटात उरकेल, असा माझा हिशेब होता. पण फुकट पेढा खाऊन सरळ बाहेर पडण्यासाठी जी निर्ढावलेली नजर लागते, ती आमच्या घराण्यात नाही. प्रत्येक दुकानातून पाव किलो घेऊन बाहेर पडलो. पिशवीच्या वजनाचा नियम तिथेच मोडला.

उन्हावरचा खरा उपाय मला साताऱ्याबाहेर, लिंब गावात सापडला. महामार्गावर लिंब फाट्याला उतरून आत चालत जायचं. रस्त्यात सावली म्हणून एक बोर्ड, त्यावर ‘बारा मोटेची विहीर’ आणि बाण. भर दुपारी बाराला विहीर बघायला निघालेला माणूस पाहून एका दुचाकीवाल्याने न विचारताच गाडी थांबवली. त्यालाही सिव्हिलचा संशय असावा.

ही विहीर शाहू महाराजांच्या काळात त्यांच्या घरातल्या वीरूबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४ या वर्षांत बांधून घेतली. आमराईला पाणी द्यायला. वरून पाहिलं तर शिवलिंगाचा आकार, आठ कोनांची मुख्य विहीर, सुमारे पन्नास फूट रुंद आणि शंभर फुटांहून खोल. पण खरी गंमत खाली आहे. दगडी जिन्याने उतरत गेलं की कमान लागते आणि कमानीवर, विहिरीच्या पोटातच, चक्क एक छोटा महाल आहे. खांबांवर कोरीव काम, बसायला जागा, खाली हिरवं पाणी आणि अंगावर येणारा गार वारा. वर मे महिना पेटलेला आणि इथे मला अंगावर घ्यायला काहीतरी हवं होतं. विजेचं बिल नाही, तिकीट नाही. राजेमंडळी इथे बसून खलबतं करत असत म्हणतात. मला यात काहीच नवल वाटत नाही, मी असतो तर राजधानीच इथे हलवली असती.

त्या महालात आधीच गावातले एक आजोबा टॉवेल पसरून झोपले होते. माझ्या पावलांनी जागे झाले, सरकले, अर्धा टॉवेल मला दिला.

“बारा मोटंची म्हनत्यात,” ते डोळे मिटूनच म्हणाले, “पन मोटंच्या जागा पंधरा हायत. मोजून बगा.”

मी वर जाऊन मोजायचा विचार केला आणि वरच्या उन्हाकडे पाहून त्यांच्यावर विश्वास ठेवला. मग आम्ही दोघेही झोपलो. माझ्या सगळ्या प्रवासातला एकांताचा तेवढाच काळ, आणि त्यातही शेजारी घोरणं होतं. चार वाजता आजोबांनी उठवलं, घरी नेलं, ताक पाजलं, भाकरी-पिठलं खाऊ घातलं, आणि निघताना आंब्यांची पिशवी हातात ठेवली. वजन आणखी चार किलोंनी वाढलं.

सज्जनगडाबद्दल फार लिहीत नाही. समर्थ रामदासांच्या समाधीपाशी राहायची सोय होते, दुपारचा प्रसाद पोटभर मिळतो, गडावर वारा असतो. कमी पैशांत हिंडणाऱ्याला यापेक्षा काय हवं? पण पंगतीत शेजारी बसलेल्या काकूंनी विचारलंच, “एकटेच? नवस आहे का काही?”

साताऱ्याहून सांगलीला एसटीने गेलो. कऱ्हाड, पेठ नाका, आष्टा, सांगली. बायकांना अर्धं तिकीट, पासष्टीच्या वरच्यांना अर्धं, पंचाहत्तरीच्या वरच्यांना फुकट. कंडक्टर मागून पुढे येत गेला आणि ‘हाफ, हाफ, फुकट, हाफ, फुकट’ करत माझ्यापाशी थांबला. त्याने माझ्याकडे ज्या आदराने पाहिलं, तसं आजवर बँकेतही कुणी पाहिलेलं नाही. गाडीतला बहुधा सर्वांत काटकसरी प्रवासी मी आणि पूर्ण तिकीट काढणारे आम्ही मोजके. महामंडळाचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास मिळतो, चार दिवसांचा आणि सात दिवसांचा, तो आधी काढायला हवा होता, असं मागच्या सीटवरच्या आजींनी सांगितलं. त्या फुकट चालल्या होत्या.

सांगलीचं ऊन वेगळं. साताऱ्यात डोंगर असल्यामुळे कुठून तरी सावली येते. सांगली सपाट, काळ्या मातीची, आणि तिथलं ऊन मोकळ्या मैदानात भेटायला येतं. पण तिथली माणसं उन्हाबद्दल बोलतच नाहीत. पुराबद्दल बोलतात. आयर्विन पुलावर उभा राहून मी खाली पाहत होतो. १९२९ साली, व्हाइसरॉय आयर्विन यांच्या हस्ते उघडलेला हा पूल. खाली कृष्णा इतकी रोडावलेली की पलीकडच्या कडेला म्हशी गुडघाभर पाण्यात निवांत उभ्या होत्या. शेजारी एक गृहस्थ येऊन थांबले.

“पावणं, कुठलं?”

“ठाणे.”

“एकटंच आलाय काय?” मग उत्तराची वाट न बघता, “दोन हजार एकोणीसला हितं पाणी किती होतं ठाऊक हाय? साडेसत्तावन्न फूट. पंचेचाळीसला धोका असतोय, बघा म्हंजे.” त्यांनी मला पुलावरून गावात नेलं आणि एकेका भिंतीवरच्या खुणा दाखवल्या. इथवर २००५, इथवर २०१९. घामाने माझा शर्ट अंगाला चिकटलेला, घशाला कोरड, आणि हे गृहस्थ माझ्या डोक्याच्याही वर बोट करून सांगतायत, “तुमी आत्ता उबं हायसा न्हवं, तिथं होडी चालत होती.” होडी शब्द ऐकून मला पाणी मागायचं धैर्य झालं. त्यांनी उसाचा रस पाजला.

सांगलीत पत्ता विचारणं हा स्वतंत्र कार्यक्रम आहे. याच गावात १८४३ साली चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगवलं आणि मराठी नाटक उभं राहिलं. ते अजून संपलेलं नाही. मारुती चौकात एका पानवाल्याला गणपती मंदिर कुठे म्हणून विचारलं. तो पुढे आला, त्याने आधी सगळा चौक नजरेखालून घातला, मग हात उजवीकडे फेकून पहिला अंक सांगितला, मध्ये सुपारी कातरून विश्रांती घेतली आणि डावीकडे वळून दुसरा. तेवढ्यात शेजारचा सायकलवाला प्रवेश करून म्हणाला, “कशाला लांबनं पाठवालायस त्यास्नी?” आणि दोघांचा संवाद रंगला. मी प्रेक्षक म्हणून उभाच. शेवटी सायकलवाल्याने मला देवळापर्यंत सोडलं. देवळातला गारवा उत्तम, पण तिथेही मंडपात झोपलेल्यांना ओलांडूनच दर्शनाला जावं लागलं.

हरिपूरला मी चालत गेलो. रस्त्याला झाडं आहेत, शेवटी कृष्णा-वारणेचा संगम आणि संगमेश्वर. नाटककार गोविंद बल्लाळ देवल इथलेच. हरिपूरची दुसरी ख्याती पेवांची. जमिनीत खोल खड्डे घेऊन त्यांत हळद साठवायची आणि तोंड बंद करायचं. आत ती वर्षानुवर्षं टिकायची. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे या पेवांचीही पुण्याई आहेच. लिंबला राजेमंडळी जमिनीखाली बसत, हरिपूरला हळद जमिनीखाली बसे. या दोन जिल्ह्यांत ज्याला म्हणून अक्कल होती तो मे महिन्यात जमिनीच्या वर राहिलेला नाही.

परतताना वळीव आला. आधी धूळ, मग वारा, मग टपोरे थेंब. समोर दिसलेल्या पडवीत शिरलो. आतून आवाज आला, “आत या की, भिजालाय!” मग टॉवेल, मग चहा, मग भडंग, मग लसणाचा ठसका बसल्यावर पाणी, मग ‘जेवूनच जावा’. जेवताना घरातल्या आजींनी आडनाव विचारलं. मग मूळ गाव. मग बायकोचं माहेर. मग सासूबाईंचं माहेर. सासूबाईंचं माहेर तासगावजवळचं निघालं आणि आजींनी ताटावरून हात वर केला. “आगं बया, म्हंजे आमच्या थोरल्या जावंच्या नात्यात की तुमी!” त्यांनी लगेच कुणाला तरी फोन लावला. मी सांगलीत एकटा उतरलो होतो, रात्री नऊपर्यंत माझे सांगलीत अकरा नातेवाईक झाले. लॉजवर परत जाऊ दिलं नाही. सकाळी निघताना हळद, बेदाणे आणि दोन किलो भडंग. ठाण्याला घरात पाऊल टाकलं तेव्हा बायकोने हळदीची पिशवी घेतली आणि म्हणाली, “सांगलीच्या मावशींचा फोन आला होता. जेवताना लाजत होतात म्हणे.”

हिशेब असा झाला: राहणं स्वस्त, जेवण जवळजवळ फुकट, आणि पेढ्यांपासून परतभेटीच्या साड्यांपर्यंत बाकी सगळा खर्च ज्यांनी पैसे घेतले नाहीत त्यांच्यापायी. भाचीच्या ग्रीसपेक्षा तरीही पुष्कळ कमी.

तेव्हा कुणाला एकट्याने, कमी पैशांत, उन्हात हिंडायचं असेल तर मे महिन्यात बेलाशक जा. अजिंक्यतारा पहाटे, लिंबची विहीर दुपारी, वळीव संध्याकाळी. कासची फुलं ऑगस्टपासून असतात, तेव्हा गर्दी असते आणि आधी नोंदणी करावी लागते. आधार कार्ड बरोबर ठेवा. पिशवी रिकामी न्या. आणि रिक्षात ‘कुणाकडं?’ असं विचारलं तर ‘मावशीकडे’ म्हणून सांगा. नसली तरी चालेल, संध्याकाळपर्यंत होईल.